शेवटचा पाव फेरा

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बोल्ट मऊ पडला. तुटला नाही, वाजला नाही. आवळता आवळता जिथे त्याने अडायला हवं होतं तिथे तो अडला नाही, एवढंच. पाना पुढे गेला, आणखी थोडा गेला, आणि त्याचं मनगट कशालाच टेकलं नाही. अंधारात जिन्याची शेवटची पायरी समजून पाय टाकावा आणि पायरी आधीच संपलेली असावी, तसं. त्याने पाना तिथेच सोडला. पाना बोल्टच्या डोक्यावर लटकत राहिला. गाडी राखाडी रंगाची, लहान, दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. इंजिन चालू केलं की झडपा दाबणारे टॅपेट वाजत होते, म्हणून वरचं झाकण काढून आतला लांब दांडा, कॅमशाफ्ट, बाहेर काढला होता, टॅपेट बदलून पुन्हा बसवला होता. त्या दांड्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या पाच टोप्या, प्रत्येक टोपीला दोन बोल्ट, करंगळीएवढे. नऊ बोल्ट नीट आवळले गेले होते. हा दहावा. खाली अॅल्युमिनियम, वरून लोखंडाचा बोल्ट. लोखंड जरा जास्त फिरलं की अॅल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. गेली कित्येक वर्षं हे माहीत असणं हीच त्याची नोकरी, पुढे धंदा, आणि घरातली त्याची ओळख होती.

गॅरेजमध्ये दोघंच होते, तो आणि त्याचा मेव्हणा. मेव्हणा दुसऱ्या गाडीखाली आडवा होता, त्याचे फक्त बूट दिसत होते. पण गॅरेजमध्ये आवाज होण्यापेक्षा आवाज थांबण्याकडे जास्त लक्ष जातं. बूट हलले.

“काय झालं, दाजी?”

“आटे गेले.”

“कुणाचे?”

“थट्टा नको. टोपीचा बोल्ट. शेवटचा.”

मेव्हणा सरपटत बाहेर आला, हात पुसत उभा राहिला आणि काही बोलला नाही. हेच वाईट होतं. मेव्हणा एरवी गप्प बसणाऱ्यातला नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याच्या गाडीत तीन जास्तीचे आवाज ऐकू येतात असं पटवून देणारा माणूस, तो आता नुसता बॉनेटच्या कडेवर हात ठेवून लटकलेल्या पान्याकडे बघत होता, एखाद्याच्या घरी सांत्वनाला आल्यासारखा.

त्याला स्वतःला सगळे काटा म्हणत, तराजूचा काटा. आता हे नाव घेणारे फारसे उरले नव्हते, पण मेव्हणा गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम घ्यायचा. पूर्वी तो ज्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकला त्यांनी एक दिवस कुठूनतरी टॉर्क पाना मागून आणला होता. ठरवलेल्या जोराला पोचला की टक असा आवाज करून सांगणारा पाना. सगळ्यांना ओळीने एकेक बोल्ट साध्या पान्याने आवळायला लावला आणि मग तो पाना लावून प्रत्येकाची लाज काढली. कुणाचा ढिला, कुणाचा जास्त. त्याच्या बोल्टवर पाना लावला आणि केसभर हलायच्या आत टक झालं. मिस्त्री म्हणाले, पुन्हा. पुन्हा टक. मग मिस्त्रींनी पाना पेटीत ठेवला आणि म्हणाले, “हा परत देऊन या. आपल्याकडे काटा आहे.” मिस्त्री फार शिकवायचे नाहीत. एकच गोष्ट नेहमी सांगायचे: बोल्ट आधी नको म्हणतो, मग हो म्हणतो, मग गप्प बसतो, तो गप्प बसायच्या आत हात काढ. शेवटचा पाव फेरा ते दोनच बोटांनी द्यायला लावायचे, पाना मुठीत न धरता, मानेजवळ चिमटीत धरून. मूठ आंधळी असते म्हणायचे. मेव्हण्याने चार-पाच वर्षांपूर्वी लाल पेटीतला टॉर्क पाना विकत आणला तेव्हा त्याने त्याचं नाव थर्मामीटर ठेवलं होतं. ज्याला कपाळाला हात लावून ताप कळत नाही त्याने लावावा. मेव्हणा हसला होता आणि तेव्हापासून तो पाना मेव्हण्याचाच होता.

आता त्याने लटकलेला पाना काढला आणि बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून वर घेतला. तो अगदी सहज आला. त्याच्या अंगावर अॅल्युमिनियमची बारीक तार गुंडाळलेली होती, छिद्रातले आटेच सोलून बोल्टबरोबर आले होते, स्प्रिंगसारखे. त्याने बोल्ट खिडकीशी नेला. मेव्हणाही आला. दोघांनी डोकी जवळ घेतली.

“हे बघा,” मेव्हणा म्हणाला, “काळी आहे. आत्ता तुटलेलं असतं तर चकाकलं असतं. हे आधीच गेलेलं होतं, दाजी. कुणीतरी आधीच जास्त आवळून ठेवलेलं, तुमचा नुसता हात लागला.”

तार काळी होती. वरचे दोन फेरे काळे नव्हते. वरचे दोन फेरे नव्या भांड्यासारखे चकाकत होते. म्हणजे खालचे आटे जुने गेलेले आणि वरच्या दोन आट्यांवर बोल्ट इतके दिवस उभा. किंवा खालचे नुसते तेलाने काळवंडलेले, गेले सगळे आत्ताच, एकदम. तार तेवढीच, बघावं तसं दिसत होतं. मेव्हण्याला काळं दिसलं कारण त्याला ते दिसायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. आणि आपल्याला चकाकणारंच का दिसतंय, हेही थोडंफार कळत होतं. आधीच गेलेले आटेसुद्धा हाताला कळतात. बोल्ट बोटांनी फिरवताना कुठेतरी खरखर लागते, कुठेतरी डुगडुगतो. तसं काही लागलं होतं का? त्याने आठवून पाहिलं. लागलं नव्हतं. पण गेल्या वर्षभरात काय लागलं होतं?

सुरुवात कधी झाली हे त्याला सांगता आलं नसतं. हाताला ग्रीस आहे असं वाटायचं आणि धुतला तरी वाटायचं, तिथून बहुतेक. मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं, पातळ हातमोजा घातल्यासारखी. खिशात हात घातला तर किल्ली कुठली आणि नाणं कुठलं, बाहेर काढून बघावं लागायचं. वॉशर बसवताना तो हल्ली फार वाकायचा. मेव्हण्याला वाटे, चष्मा लागला. त्यानेही वाटू दिलं. एक चष्मा करूनही घेतला. चष्मा लागणं साधी गोष्ट होती, सगळ्यांना लागतो. काम चालू होतं, कारण हाताला जे कळत नव्हतं ते डोळे आणि सवय मिळून भरून काढत होते; बोल्ट टेकल्यावर किती फिरवायचा, तो पाव फेरा त्याने इतक्या वेळा दिला होता की पाना किती अंशात गेला हे बघून तो थांबू शकायचा. न ऐकू येणाऱ्या माणसाने ओठ बघून बोलणं चालवावं तसं त्याने वर्षभर चालवलं होतं. नऊ बोल्ट तसेच आवळले होते. ओठ बघून.

आईचंही असंच झालं होतं. आई एका शिंप्याकडचं काज-बटणाचं काम घरी आणायची. खिडकीपाशी बसून दुपारभर सदऱ्यांना बटणं लावायची, न बघता, गप्पा मारत, रस्त्यावरच्या भांडणाकडे कान देत. मग ती बघून लावायला लागली. मग फार जवळून बघून. मग कपबशी हातातून निसटायला लागली आणि ती कपबशीलाच नावं ठेवायची. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आली, पाणी दिलं, परत गेली, आणि तिच्या मागे जमिनीवरून एक निळा दोरा सरपटत होता. त्याने गमतीने दोरा पायाने दाबला. आई थांबली नाही. दोरा ताणला गेला आणि तिचा हात मागे ओढला गेला. सुई तिच्या बोटात उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. तिने सुईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि जशी काही त्याचीच खोडी पकडली असावी तशी म्हणाली, “पाय काढ.” सुई तिने स्वतः उपटली. रक्त जेमतेम थेंबभर आलं. नंतर तिच्या चोळ्यांची बटणं कुणीतरी काढून टाकली आणि त्याजागी टिचबटणं लावली. हे काम त्याच्या बायकोने केलं होतं. तेव्हा ती या घरात नवीन होती, आणि तिने ते सासूला न सांगता, न विचारता केलं. आईनेही कधी विचारलं नाही. टिच, टिच, असा आवाज पहाटे आईच्या खोलीतून यायचा.

त्याने बोल्ट तारेसकट एका झाकणात ठेवला. डॉक्टरीणबाईंना फोन करायला हवा होता.

“मी करतो,” मेव्हणा म्हणाला. “तुमचं तोंड बघून फोनवरसुद्धा कळेल काहीतरी बिघडलंय.”

“मीच करतो.”

डॉक्टरीणबाईंनी फोन लगेच उचलला. मागे बारीक शिटीसारखं मशीन चालू होतं. त्याने सांगितलं: एका बोल्टचे आटे गेले, नवे पाडावे लागतील, आत तारेची कॉइल बसवून पूर्वीपेक्षा मजबूत होईल, गाडी दुपारऐवजी संध्याकाळी मिळेल. त्या म्हणाल्या, “बरं. तुम्हीपण ड्रिल करणार म्हणजे.” मग मशीन थांबलं. त्याने, कुठेतरी मेव्हण्याच्या काळ्या तारेला धरून, विचारलं की गाडी मध्ये दुसरीकडे कुठे उघडली होती का. “छे हो. तुमच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही तिला. दोन वर्षांपूर्वी तेल गळत होतं तेव्हा हेच झाकण काढलं होतं की तुमच्याकडे. मी आले होते तेव्हा कुणीतरी वाकून आवळत होतं. तुम्ही की तुमचे मेव्हणे, तोंड दिसलं नाही, पाठच दिसत होती.” त्याने फोन ठेवला. मेव्हणा बघत होता.

“काय म्हणाल्या?”

“संध्याकाळी येतात.”

“आणि?”

“दुसरीकडे कुठे नेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी आपणच उघडली होती, टोप्यांसकट.”

मेव्हण्याने झाकणातली तार उचलली, पाहिली, ठेवली. “दोन वर्षांपूर्वी,” तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं. ते काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. खालचे आटे जुने गेलेले असतील तर ते त्या वेळी गेले, आणि त्या वेळी वाकलेली पाठ दोघांपैकी एकाची होती. मेव्हण्याची असेल, तर हात शाबूत आहे, आज तो फक्त दुसऱ्याच्या चुकीवर पडला. त्याची स्वतःची असेल, तर वर्ष नव्हे, दोन वर्षं. दोन वर्षांत त्याने आवळलेले बोल्ट कुठे कुठे आहेत, या विचाराकडे तो गेला नाही. त्या विचाराच्या दारापर्यंत गेला आणि परत आला.

“मी पाडू का आटे?” मेव्हण्याने विचारलं, उगाच दुसरीकडे बघत.

“का?”

“नाही, तुमचा डबा राहिलाय. ताईचा फोन आला होता मघाशी, जेवले का विचारत होती.”

“तुझ्या ताईला सांग, जेवले.”

ताई म्हणजे त्याची बायको. मेव्हण्याने तिला काही सांगितलं नसणार. सांगायची गरजच नव्हती. आज सकाळी त्याने खुंटीवरून शर्ट घेतला, घातला, आणि बटणासाठी मान खाली घातली तर बटणं होती पण काजं नव्हती. काजं शिवून बंद केलेली, बटणं वर शोभेला तशीच ठेवलेली, आणि आतून टिचबटणं. एकूण एक. बाहेरून बघणाऱ्याला कळूही नये असं काम. ती स्वयंपाकघरात होती. तो तसाच आरशासमोर उभा राहिला. काही बोलायला हवं होतं. रागावता आलं असतं, हसता आलं असतं. तिने आतून विचारलं, “अहो, उशीर नाही का होत?” आणि तो टिच टिच करत शर्ट लावून बाहेर पडला. गॅरेजमध्ये आल्यावर शर्ट काढून कामाचा चेनचा डगला घातला तेव्हा त्याला बरं वाटलं. चेनला कळावं लागत नाही.

त्याने पाचही टोप्या थोड्या थोड्या सैल केल्या, मग एकेक करून काढल्या, दांडा उचलला, आजूबाजूची सगळी भोकं चिंध्यांनी बुजवली. ड्रिलच्या पात्याला खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळली. भोक सरळ पडलं पाहिजे. जरा तिरपं गेलं तर बोल्ट तिरपा, टोपी तिरपी, आणि मग इंजिनचा हा वरचा सगळा भाग, हेडच, बदलायची पाळी. पातं धातूत गेलं तसा पांढरा कीस वर येऊ लागला. इथे त्याला एक गोष्ट जाणवली आणि ती त्याने कुणाला सांगितली नसती. त्याला कळत होतं. बोटांना नव्हे, कोपराला, खांद्याला, दाढांना. पातं बसलं, पातं धरलं, आता खाली पोचलं, हे सगळं कुठूनतरी वर येत होतं, बोटांना वळसा घालून, मोठा रस्ता बंद असल्यावर गाड्या गल्लीबोळातून येतात तसं. मग टॅपला, आटे कापायच्या हत्याराला, ग्रीस माखून त्याने नवे आटे पाडायला घेतले. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. पुढे जाताना धातू कण्हतो, मागे येताना कीस मोडल्याचा बारीक कट आवाज होतो. अर्धा पुढे, पाव मागे. हे काम त्याला नेहमी आवडायचं, कारण यात घाई करताच येत नाही. आज तो थकलेला होता, दुपारीच, न जेवता, आणि त्या थकव्यात हे पुढे-मागे जाणं जवळजवळ झोपेसारखं होतं. मेव्हणा कंदिलासारखी बॅटरी धरून उभा होता आणि अधूनमधून म्हणत होता, “सरळ आहे. सरळ आहे.” कुणी विचारलेलं नसताना.

कॉइल म्हणजे चौकोनी तारेची घट्ट स्प्रिंग. ती नव्या मोठ्या आट्यांत फिरवून बसवायची, म्हणजे तिच्या आतल्या बाजूला जुन्या मापाचे आटे तयार होतात, आणि तेही पोलादाचे. कॉइल फिरवायला तिच्या खालच्या टोकाला आडवी शेपटी असते, तांदळाच्या कणीएवढी. बसली की शेपटी तोडायची. तुटलेली शेपटी बाहेर काढायची. ती आत राहिली तर एक दिवस तेलाबरोबर फिरत फिरत कुठल्यातरी चकचकीत जागी जाऊन ओरखडे काढणार. त्याने कॉइल बसवली, वरून बारीक ठोकणी ठेवून टिचकी दिली, शेपटी तुटली. चिमट्याच्या टोकाला ग्रीस लावून आत घातला. बाहेर आलेल्या ग्रीसमध्ये काहीतरी चकाकलं होतं, एवढं त्याला नक्की आठवत होतं. ते त्याने बोटाने पुसून घेतलं, झाकणात टाकायला. त्याच वेळी फाटकापाशी कुणीतरी हॉर्न वाजवला, मेव्हणा बॅटरी घेऊन वळला, अंधार झाला. उजेड परत आला तेव्हा झाकणात बोल्ट होता, सोललेली तार होती, आणि शेपटी नव्हती.

“काढलीत का?” मेव्हण्याने विचारलं.

“काढली.”

“मग कुठाय?”

त्यानंतरचा सगळा वेळ शेपटी शोधण्यात गेला. झाकण उलटं केलं, चिंध्या एकेक करून झटकल्या, बॉनेटची कड पुसली, जमीन झाडली. भोकात बॅटरी मारली. भोक रिकामं दिसत होतं. भोकाच्या शेजारी तेलाची वाट होती, तिच्यावर चिंधी होती, पण चिंधीचा एक कोपरा उचलला गेला होता, आधी की आत्ता झटकताना, कुणाला ठाऊक. मेव्हणा म्हणाला, चिमट्यावर चकाकताना मी पाहिलं. त्याने विचारलं, नक्की? मेव्हणा म्हणाला, तुम्ही सांगा, तुमच्या हातात होतं. यात टोमणा नव्हता, पण बोलून झाल्यावर टोमणाच तिथे येऊन बसला. मेव्हण्याने हवा मारून सगळं पुन्हा साफ केलं, पुन्हा पाहिलं. “नाहीच मिळाली तर हेड उतरवायचं,” तो म्हणाला. “आज गाडी जात नाही मग.”

बाई आल्या त्या अशा वेळी. साठीच्या पुढच्या, बारीक, केस मागे घट्ट बांधलेले, कपाळावर चष्मा. त्यांनी दोघांकडे पाहिलं, जमिनीवर पसरलेल्या चिंध्यांकडे पाहिलं.

“काय हरवलंय?”

“तारेचा तुकडा,” मेव्हणा म्हणाला. “एवढासा. आत गेला असेल तर अडचण आहे, बाहेर असेल तर काही नाही.”

“आमच्याकडे दाताचा तुकडा असाच हरवतो. बहुतेक वेळा पेशंटने गिळलेला असतो.” त्या आणखी जवळ आल्या. “तुमच्या बोटाला काय लागलंय?”

त्याने हात पुसायला चिंधी उचलली होती. चिंधी बोटाला अडकत होती, म्हणून तो ती ओढत होता. कुठेतरी धागा अडकलाय असं त्याला वाटलं होतं.

“ओढू नका. दाखवा. उजेडात या.” त्यांनी चष्मा नाकावर घेतला, त्याचा पंजा उताणा करून खिडकीशी धरला आणि मेव्हण्याकडे चिमटा मागितला. “तोंड उघडा म्हणायची सवय आहे मला. तुम्ही तिकडे बघा.”

तो भिंतीकडे बघायला लागला. भिंतीवर पट्टे टांगले होते, मापाप्रमाणे, मोठ्याकडून लहानाकडे. त्याला निळा दोरा आठवला. दोरा जमिनीवरून चालला होता आणि त्याच्या पायाखाली आला.

“दुखलं?”

“थोडंसं.”

तो वळला. चिमटा बाईंच्या हातात होता, पण वर, त्याच्या बोटापासून वीतभर लांब. “मी अजून हात लावलेला नाही,” त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, पुढच्या तारखेबद्दल सांगावं तसं. मग त्यांनी वाकून चिमटा टेकवला आणि काढला. चिमट्याच्या टोकाला शेपटी होती. ती बोटाच्या पेरात अर्धी रुतलेली होती. त्याला त्यातलं काही कळलं नाही. त्याने ते पाहिलं.

“गाडी सुटली,” मेव्हणा म्हणाला, मोठ्याने, आणि शेपटी झाकणात टाकून झाकण आत घेऊन गेला. आत त्याला काही काम नव्हतं.

“साखर तपासलीत?”

“नाही.”

“मान?”

“मानेचं काय?”

“मान वाकवून काम करणाऱ्यांना होतं. नस दबते. माझी दोन बोटं गेली होती. मी म्हटलं झालं, आता फक्त दात मोजायचे. मान निघाली.”

“मग आली परत?”

“एक आलं.” बाईंनी चष्मा परत कपाळावर ढकलला. “घरात कुणाला होतं?”

“आईला.”

“काय होतं आईला?”

आईला कुठे नेलंच नव्हतं कुणी. आईला कपबशीचा राग यायचा, आणि टिचबटणं होती. “बोटं,” तो म्हणाला.

“ते असेल, नसेल. न बघता कळणार नाही. माझ्या ओळखीचे आहेत एक, गुरुवारी बसतात.” मग थोडं थांबून, “गाडी आज मिळेल ना?”

“मिळेल.”

दांडा जागेवर ठेवला, टोप्या ठेवल्या. आता दहाही बोल्ट पुन्हा आवळायचे होते. मेव्हणा आतून लाल पेटी घेऊन आला. ती त्याने उघडून बॉनेटच्या कडेवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला. मी आवळतो असं तो म्हणाला नाही; म्हणाला असता तर त्याने पाना देऊन टाकला असता, आनंदानेसुद्धा. बाई तिथेच उभ्या होत्या, पर्स पोटाशी धरून. त्यानेच पाना घेतला. पाना जड होता, त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जड. मेव्हण्याने मापाची कडी फिरवून दिली. मधल्या टोपीपासून सुरुवात केली. टक. दुसरा बोल्ट, टक. सोपं होतं. इतकं सोपं होतं की त्याला मिस्त्रींचा राग आला, त्या एका दुपारचा, त्या नावाचा. टक. मनगटात काही येत होतं का, हे तो बघत होता. पण आवाज आधी पोचायचा, आणि आवाज पोचल्यावर हाताला काय वाटलं ते वेगळं काढता येत नव्हतं. नऊ झाले. दहावा, कॉइलवाला. त्याने पाना मानेजवळ चिमटीत धरला, तसं धरायची गरज नसताना. बोल्ट टेकला. आधी नको म्हणाला. पाना पुढे सरकायला लागला आणि नेमका तेव्हाच कोपऱ्यातला कॉम्प्रेसर आपोआप चालू झाला, मघाशी हवा मारून रिकामा झालेला. पत्रे थरथरले, बाईंनी दचकून कानावर हात नेला. त्या धडधडाटात तो पाना ओढत होता, आणि एका जागी तो थांबला.

कॉम्प्रेसर बराच वेळ चालला. बंद पडला तेव्हा मेव्हण्याने विचारलं, “वाजला?”

“थांबलो मी.”

“ते दिसलं. पण वाजला म्हणून थांबलात का?”

त्याने उत्तर द्यायचा खरंच प्रयत्न केला. हात थांबला होता एवढं खरं. काहीतरी पोचलं होतं म्हणून, की पाव फेरा भरला म्हणून, की नुसता कंटाळा आला म्हणून. मेव्हण्याने पाना त्याच्या हातातून घेतला, त्याच बोल्टवर लावला आणि हलकेच ओढला. टक. लगेच.

“बरोबर आहे,” मेव्हणा म्हणाला. मग त्याच्याही लक्षात आलं. जोर बरोबर असेल तरी लगेच टक होतं, आणि जोर पुढे निघून गेला असेल तरीही लगेच टक होतं. जोर कमी असेल तर पाना सांगतो. जास्त झालेलं त्याला सांगता येत नाही. बाईंना यातलं काही कळायचं कारण नव्हतं. त्या म्हणाल्या, “झालं?”

“झालं,” मेव्हणा म्हणाला.

झाकण बसवलं, इंजिन चालू केलं. टॅपेटचा आवाज नव्हता. तिघंही थोडा वेळ त्या नसलेल्या आवाजाकडे कान देऊन उभे राहिले. सहा वाजून गेल्यावर राखाडी गाडी फाटकाबाहेर पडली, डावीकडचा दिवा लुकलुकला, वळली. ती वळल्यावरसुद्धा मेव्हणा तिकडेच बघत होता. “गुरुवारी मी बघतो गॅरेज,” तो म्हणाला, “तुम्ही जाऊन या.” त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. आत जाऊन डगल्याची चेन खाली ओढली, खुंटीवरचा शर्ट घेतला, घातला. मान खाली घातली नाही. भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बघत त्याने बोटं वरून खाली नेली, प्रत्येक ठिकाणी दाबत. पहिलं टिचबटण लागलं, ऐकू आलं. दुसरंही ऐकू आलं. तिसऱ्याच्या वेळी बाहेर मेव्हण्याने शटर ओढायला घेतलं, आणि त्या खडखडाटात त्याने बोटं एकमेकांवर दाबली आणि तशीच दाबून धरली.